शेवटच्या पाळीची तारीख

केसपेपरवर एक रकाना असतो :
शेवटच्या पाळीची तारीख.
तारीख सहसा कुणी सांगत नाही.
एक म्हणते, येळवशीच्या दोन दिस मागं,
आंबिलीच्या मडक्याला शिवू दिलं नाही सासूनं,
म्हणून ध्यानात हाय.
एक म्हणते, पोरगं तापानं फणफणलं व्हतं तवा.
मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं चाळते,
सण मोजत, ताप मोजत
आकड्यापाशी येते.
बावीस वर्षं, अंबाजोगाईत, मंडी बाजारातल्या या गाळ्यात
माझं पंचांग असंच चालतं.

सकाळी दीक्षा सोनकांबळे आली, लातूरहून, आईसोबत.
डॉक्टर व्हायचंय. हॉस्टेलचा तिसरा मजला,
सहा पोरींत एक खिडकी.
चार महिने पाळी नाही.
आई दारातच खालच्या आवाजात,
"तसलं काही नसंल ना, मॅडम?"
पोरीनं ऐकलं. पोरी ऐकतातच.

नाडी धरली. मनगट गार.
हनुवटीवर राठ केस,
दोऱ्यानं काढलेले, परत आलेले.
झोप? "दीड ते साडेपाच."
जेवण? "डबा येतो."
खातेस का, तर बोटांकडं बघत बसली.

मी सोनोग्राफी लिहिली, थायरॉइड लिहिलं.
आई हिरमुसली, "मग आयुर्वेदाकडं कशाला आलाव?"
म्हटलं, माय,
मुळी किती खोल गेलीय
ते बघून मगच हात घालावा.
काढा दिला, कडू.
हावरी गुळात कुटून, रोज मूठभर.
आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात,
रात्री दहाला झोप.
पोरगी पहिल्यांदा हसली,
"सिलॅबस तुम्ही संपवताव का, मॅडम?"

हे औषध माझ्या एकाही बरणीत नाही.

दुपारी कौसाबाई तांदळे, धारूरकडची.
वय एकतीस, हात पन्नाशीचे.
मी पेन टेकवलं त्या रकान्यावर, तशी म्हणाली,
"ते मोकळंच ऱ्हाऊ द्या.
पिशवी काढलीया. तीन सालं झाली.
उचल घेतलेली, अन् दर म्हैन्याला खाडा.
डाक्टर म्हणला, ठेवली तर कॅन्सर व्हईल."
त्यानं कागद दाखवला का?
"कागद वाचता आला असता तर
कोयता कशाला धरला असता, बाई?"

कॉलेजात घोकलं होतं,
ऋतू, क्षेत्र, अंबू, बीज.
चार जुळले की गर्भ राहतो.
क्षेत्र म्हणजे बाई.
परीक्षेत मी ते न अडखळता लिहिलं, मार्क मिळाले.
आता पेन तिथंच थांबतं.
पडीक ठेवायचं की पेरायचं
हे शेताला विचारल्याचं
त्या चारांत कुठं नव्हतं.

"रातच्याला अंगात भट्टी पेटल्यावानी व्हतंय," ती म्हणाली.
"मह्या सासूला व्हायचं तसं. हाडं बी ठणकतेत."
नेमकं तेव्हाच माझ्या मानेवरून
वाफ वर चढली.
मी एक्कावन्नची. माझी वेळ झालेली आहे.
तिचाच केसपेपर घेऊन मी वारा घालू लागले,
तिनं टेबलावरचा दुसरा उचलला.
पंखा होता डोक्यावर, लाइट नव्हती.
दोघी बसलो तशाच,
लाल होऊन, न बोलता.

मग तूप लिहिलं, नाचणी लिहिली,
हाडांच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी.
जे काढून नेलंय ते परत आणणारा काढा नाही,
हेही सांगितलं.
"ठाव हाय," म्हणाली.

जाताना दारातल्या कुंडीपाशी वाकली.
"ही तर शतावरी. आमच्या डोंगराला लई.
कोयत्यात गुतती म्हणून छाटून टाकताव.
दवा हाय व्हय ही?"
हो. बायकांचीच.
"किलोला काय देता? पोतंभर आणते."
भाव सांगितला. म्हटलं, पण समदं उपटू नको.
बुडखा मातीत ठेव,
भवतालच्या मुळ्या तेवढ्या काढ,
पुढच्या साली परत फुटतं.

तिनं पुडी पदराच्या गाठीत बांधली.
"बरंय तिचं," म्हणाली,
आणि पायऱ्या उतरली.